बेचाळीस पायऱ्या

पाण्यालगतच्या शेवटच्या कोरड्या पायरीवर एक म्हातारी बसली होती. एका तरण्या, पोटुश्या बाईचा पाय दोन्ही हातांनी धरून ती तो हळूहळू पाण्यात सोडत होती.

"जळजळ थांबली का गं, सोजर?"

"थांबली, माय." सोजरनं डोळे मिटून घेतले.

तिच्या घोट्याच्या वर सुपारीएवढा फोड होता. पाणी लागलं तसा तो फुटला आणि त्यातून दुधाचा थेंब पडावा तसा पांढुरका धूर पाण्यात पसरत गेला. हातभर अंतरावर एक बाई कळशी बुडवत होती. धूर तिच्या कळशीच्या तोंडापाशी गेला, विरला. तिनं कळशी भरली, डोक्यावर घेतली आणि ती पायऱ्या चढू लागली.

मी वर, बारवेच्या काठावर उभा होतो. १९८४ सालचा एप्रिल. चोवीस वर्षांचा होतो, तालुक्याच्या नारू पथकात आठ महिन्यांपूर्वी लागलेला. जे पोस्टरवरच्या चित्रात पाहिलं होतं, ते असं डोळ्यांदेखत घडताना पहिल्यांदाच बघत होतो.

"त्यांचा पाय बाहेर काढा," मी वरूनच ओरडलो.

म्हातारीनं मान वर केली. पाय मात्र सोडला नाही. "कोण हाय?"

मी धावत खाली उतरलो. आरोग्य खात्याचा म्हणून नाव सांगितलं. तिनं मला नीट न्याहाळलं. मी घामाघूम झालेला पाहून तिनं शेजारचं पितळी भांडं बुडवून माझ्यापुढं धरलं. "आधी पाणी पी, लेकरा. उन्हातनं आलास."

भांड्यातलं पाणी थंडगार आणि काचेसारखं नितळ होतं. माझा घसा कोरडा पडला होता.

"नको," मी म्हणालो. "माझ्याजवळ आहे."

पाणी भरणाऱ्या बायका थांबल्या. म्हातारीचा हात तसाच पुढं राहिला. मग तिनं भांडं उलटं करून पाणी पायरीवर ओतलं.

"अप्पांच्या पाण्याला नको म्हणणारा तू पहिला," ती म्हणाली. चिडून नव्हे, एखादी गोष्ट नोंदवून ठेवावी तशी.

तिचं नाव केवळाबाई. धामणखेडचं सगळं गाव तिला केवळामाय म्हणायचं. अप्पा म्हणजे तिचे मालक, नागनाथअप्पा. रझाकारी संपली त्याच्या पुढच्या साली त्यांनी ही बारव खणायला घेतली. त्याआधी गावात पाटलाचा एकच आड होता. त्यावर रहाट होता, दोर होता, पण दोराला हात लावायची मुभा सगळ्यांना नव्हती. खालच्या वस्तीतल्या बायका आडापासून दहा पावलं लांब घागरी ठेवून बसायच्या. कुणाला दया आली तर तो वरून पाणी ओतायचा. कुणाला नाही आली तर दिवस मावळायचा. अप्पांनी एकदा म्हणे एका बाईला दुपारभर तसं बसलेलं पाहिलं. घरी येऊन जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी माळावरच्या आपल्या तुकड्यात त्यांनी कुदळ मारली.

सात वर्षं ते खणत होते. चार-पाच सोबती होते. त्यातला एक खालच्या वस्तीतला, सोजरचा सासरा सटवाजी, त्याचा बाप. पाणी लागल्यावर लोक म्हणाले, आता वर रहाट बसवा. अप्पा म्हणाले, रहाट नाही, पायऱ्या. रहाटाला मालक असतो, दोराला मालक असतो. पायरीला नसतो. ज्याला तहान लागेल त्यानं आपल्या पायांनी उतरावं आणि आपल्या हातानं प्यावं. बेचाळीस घडीव पायऱ्या त्यांनी बसवल्या. बहात्तरच्या दुष्काळात पंचक्रोशीचं पाणी आटलं, ही बारव आटली नाही. त्याच्या पुढच्या साली अप्पा गेले. तेव्हापासून केवळामाय रोज उजाडता त्या बेचाळीसच्या बेचाळीस पायऱ्या झाडायची.

आणि गावाचे नारू काढायची. हे काम तिनं अप्पा हयात असतानाच घेतलं होतं. फोड आला की माणूस तिच्याकडं यायचा. ती त्याला हाताला धरून बारवेत उतरवायची, आग शमेपर्यंत पाय पाण्यात ठेवायची, मग फोडातून बाहेर डोकावणारा नारू, दोऱ्यासारखा पांढरा जंत, काडीवर गुंडाळायची. रोज बोट-दीड बोट. घाई नाही, ओढाताण नाही. वर एरंडाच्या पानाचं पोटीस. तुटला तर माणूस जातो, हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. असं एकेका पायापाशी ती महिना-महिना बसायची. जात विचारायची नाही, वेळ बघायची नाही.

त्या आठवड्यात मी घरोघर फिरलो. साडेआठशे वस्तीच्या गावात एकसष्ट माणसं नारूनं पडली होती. दुपारी त्या गावातून चालायचो. ओसरीवर, उंबऱ्यात, लिंबाखाली, जिथं बघावं तिथं पुढं पसरलेला एक पाय आणि त्याला बांधलेली काडी. कुणी बोलायचं नाही. खळ्यावर माणूस नाही, शेतात अवजार नाही. आणि त्या शांततेत बारवेच्या पायऱ्यांवरून वर येणारा पाणी भरणाऱ्या बायकांचा आवाज. पुढच्या वर्षी ह्याच महिन्यात कोण कोण आडवं होणार, हे त्या कळश्यांमध्येच ठरत होतं, आणि ते मला एकट्याला ठाऊक होतं.

उपाय अवघड नव्हता. पायऱ्या बुजवायच्या, भोवती कठडा घालायचा, वर रहाट बसवायचे. पाय पाण्याला लागला नाही की साखळी तुटते. पंचायत समिती माणसं आणि सिमेंट द्यायला तयार होती. फक्त गावाचा ठराव हवा होता.

सरपंच व्यंकटराव आढेवेढे घेत म्हणाले, "पायऱ्या अप्पांच्या. मालकीण बसलीय अजून. ती हो म्हणली तर गाव हो म्हणतंय. आणि खाली आसरा हायत, ते ध्यानात ठेवा."

पाण्याच्या वर तीन पायऱ्यांवर एका कोनाड्यात शेंदूर लावलेले सात दगड होते, त्या सात आसरा, पाण्यातल्या देवी. नारू हा त्यांचाच कोप, असं निम्मं गाव मानायचं. दगड हलवला तर घरटी एक मढं निघेल, असंही.

वस्तीत गेलो तर सटवाजी बाजेवर बसला होता. साठीचा, सडसडीत माणूस. सोजर त्याची सून. त्यानं मला बसायला सांगितलं नाही.

"सरवदे न्हवं तुम्ही?"

"हो."

"म्हंजे आपल्यातलेच. तुमच्या आज्यानं आडापाशी ओंजळ धरली आसंल का न्हाई?"

"धरली होती," मी म्हणालो. आजोबा सांगायचे ते. ओंजळीतून पाणी गळून जातं म्हणून ते कोपर तोंडाला लावून प्यायचे.

"आन् पायऱ्या फोडायला तुम्हीच आलात." तो उठून आत गेला.

शेवटी मी केवळामायकडं गेलो. दुपारची वेळ होती. ती ओसरीवर एरंडाची पानं पुसत बसली होती. मी काचेच्या बाटलीत बारवेचं पाणी भरून आणलं होतं आणि खिशात भिंग होतं.

"माय, एक दाखवायचंय."

तिनं बाटली उन्हात धरली. डोळा बारीक करून भिंगातून बराच वेळ बघत राहिली.

"मिठाच्या कण्यावानी काय तरी हाय. हलतंय."

"तो किडा आहे. त्याच्या पोटात नारूचं पिल्लू असतं. पाणी प्यालं की ते आपल्या अंगात जातं. वर्षभर वाढतं आणि मग पायातून बाहेर येतं."

"आसरांचा कोप न्हवं तर."

"नव्हे, माय."

तिनं बाटली खाली ठेवली. "आन् किड्याच्या पोटात ते कुठनं येतं?"

या प्रश्नाचं उत्तर मी वीस गावांत दिलं होतं. पोस्टरवर छडी ठेवून पाठ म्हणून दाखवल्यासारखं.

"पायातून," मी म्हणालो. "फोड पाण्यात बुडाला की नारू पिल्लं सोडतो. हजारांनी. तो पांढरा धूर निघतो ना—"

"मी बघितलाय त्यो," ती म्हणाली. "मला वाटायचं, इख निघून चाललं."

ती पानं पुसत राहिली. एक, दुसरं, तिसरं. मग हात थांबला.

"बारव झाली छप्पन साली. त्याच्या आधी आमच्या गावात नारू कुणी बघितला न्हवता. सत्तावनला अप्पांचा एक सोयरा आला होता, पाय धरून. लई तळमळत होता. मीच त्याला खाली न्हेलं." ती माझ्याकडं बघत नव्हती. "अठ्ठावनच्या उन्हाळ्यात सात जण पडले. आम्ही म्हणलं, आसरांना नवी जागा पसंत पडली न्हाई. मग आमी त्यांना कोनाडा बांधला."

तिनं एक पान उचललं आणि न पुसताच खाली ठेवलं.

"दिगंबर माझा पोरगा. थोरला. सोळा वर्षांचा होता. पासष्टला त्याच्या मांडीत नारू आला आन् आतच तुटला. धनुर्वात झाला. दात बसले होते, पाणीसुदिक घालता आलं न्हाई. त्याच्या अंगात आला त्यो कुणाच्या तरी पायातनं आला आसंल."

"हो."

"आन् त्यो पाय मी धरला होता पाण्यात."

बाहेर रस्त्यावरून बैलगाडी गेली.

"बोल की. तू शिकलेला हाईस."

मला खोटं बोलता आलं असतं. दुसरे कुणी असतील, निश्चित सांगता येत नाही, असं काहीतरी. त्या वयात मला खरं बोलणं सोपं वाटायचं.

"होय, माय," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. पुसलेली पानं गोळा केली, आत गेली आणि दार लावून घेतलं.

दोन दिवस ते दार उघडलं नाही. पायऱ्या झाडल्या गेल्या नाहीत. लोक काडी बांधलेला पाय घेऊन येत, दारावर हाक मारत आणि परत जात. व्यंकटराव मला म्हणाले, "म्हातारीला काय सांगितलंस? तिचं काही बरंवाईट झालं तर गाव तुला धडपणी जाऊ द्यायचं न्हाई."

तिसऱ्या दिवशी सकाळी ती बारवेच्या तोंडाशी, पहिल्या पायरीवर आडवी काठी घेऊन बसलेली दिसली. उजवा पाय पुढं पसरलेला. जवळ गेलो तर घोट्यावर टरारून आलेला फोड.

"कधी आला?"

"परवाच हुळहुळत होतं. तू बाटली दावलीस तवाच कळलं होतं."

नारूचा फोड विस्तवासारखा जळतो. माणसं पाण्यासाठी रडतात. पाणी तिच्यापासून चाळीस पायऱ्यांवर होतं आणि ती तिथं उन्हात बसून राहिली. ज्यांचे पाय धड आहेत त्यांना ती वाट द्यायची. काडीवाला कुणी आला की काठी आडवी.

"माय, आग होतीया गं," लोक म्हणायचे.

"मला बी होतीया. बस माझ्यापाशी."

आणि तो माणूस बसायचा. चार दिवसांत तिथं पंधरा-वीस माणसं बसायला लागली, पाय पसरून, पाण्याकडं तोंड करून. मी फडकी भिजवून त्यांच्या पायांवर ठेवायचो, ते पाणी लांब खड्ड्यात टाकायचो. माझ्या पोस्टरनं जे आठ महिन्यांत केलं नव्हतं ते तिच्या त्या कोरड्या पायानं केलं.

पाचव्या दिवशी सोजर आली. तिला सातवा महिना लागला होता, आणि फोड आता दुसऱ्याही पायावर उठला होता. ती काठीपाशी उभी राहून रडायला लागली.

"तूच तर न्हेत होतीस, माय. आता का आडवतीस?"

केवळामायनं काठी हलवली नाही. "तवा मला ठाव न्हवतं," ती म्हणाली. "तुझ्या पोटातल्याच्या पायात मी हे घालायची न्हाई."

सटवाजी सुनेच्या मागंच उभा होता. त्यानं बराच वेळ केवळामायच्या पायाकडं पाहिलं.

"माय, पायऱ्या गेल्या की आमी परत ओंजळ धरायची का?"

"चार अंगाला चार रहाट लागतील. पहिला तुमच्या वस्तीच्या बाजूला. दोर तुमचा, पोहरा तुमचा."

"तू हाईस तवर. पुढं?"

तिनं व्यंकटरावांना बोलावणं पाठवलं. ते आले तशी सगळ्यांदेखत म्हणाली, "सरपंच, ठरावात लिहा. रहाटाला कुलूप न्हाई. कुणी कुणाचा दोर आडवला तर त्या माणसाला गावानं पाणी देऊ नये. लिहा आन् वाचून दाखवा." व्यंकटरावांनी कपाळाचा घाम पुसला आणि लिहिलं. सटवाजीला वाचता येत नव्हतं. त्यानं तो कागद माझ्याकडून पुन्हा दोनदा वाचून घेतला, मग अंगठा उठवला.

तिचा नारू मी काढत होतो. रोज सकाळी काडीला दीड वेढा. तीन आठवड्यांत वीतभर बाहेर आला होता, अजून हातभर तरी आत होता. तालुक्याच्या दवाखान्यात चल म्हणून मी रोज सांगायचो.

"मी उठले की हे खाली जातील," ती म्हणायची. "काम लागू दे."

एकदा काडी फिरवताना तिनं विचारलं, "पायऱ्या मोडल्यावर पुढच्या साली नारू न्हाई येणार?"

"येईल, माय. जे आत्तापर्यंत हे पाणी प्यालेत त्यांच्या अंगात तो आहेच. पुढच्या उन्हाळ्यात बाहेर पडेल. त्याच्या पुढच्या साली नसेल."

"म्हंजे पुढच्या साली लोक म्हणणार, म्हातारीनं फुकट बारव मोडली. भिंत पाडायला उठतील."

"उठतील."

"मग तू बदली घेऊ नगंस," ती म्हणाली. "ते एक साल हितंच ऱ्हा."

मे महिन्याच्या अखेरीस मजूर आले. आठ जण होते, परगावचे, मुकादमासह. वरच्या पायऱ्या उचकटायच्या, त्याच दगडांची भिंत तोंडाशी बांधायची, मागची पोकळी मुरमानं भरायची असं ठरलं होतं. सगळं गाव काठावर जमलं होतं. मजूर आत उतरले, कोनाडा पाहिला आणि वर आले. मुकादम पागोटं सारखं करत म्हणाला, "आसरांचं ठिकाण हाय. आमी हात लावत न्हाई. गावानं पहिला घाव घालावा, मग आमी करतो."

व्यंकटराव मागं सरकले. कुणीतरी पुटपुटलं, पहिला घाव घालणारा पावसाळा बघत नाही. पहार पहिल्या पायरीवर पडून होती. चारशे माणसं होती तिथं, आणि पहारेकडं कुणी बघेना. ऊन रखरखत होतं. अर्धा तास गेला. मुकादम मजुरांना सामान आवरायला सांगू लागला.

तेव्हा केवळामाय काठी टेकून उठली.

मी तिच्यापासून दोन हातांवर होतो. तिनं माझ्याकडं पाहिलं. त्या पायानं जोर लावला तर काय होणार हे त्या गर्दीत दोघांनाच नेमकं माहीत होतं, तिला आणि मला. मी तिचा हात धरू शकलो असतो. पहार स्वतः उचलू शकलो असतो. चोवीस वर्षांचा, धडधाकट होतो. पण मी स्वतःला सांगत आलोय, सरवद्यानं देवीचा दगड फोडला तर उद्या वस्ती पेटेल. ते खरंही होतं. पण हे कारण मला नंतर सुचलं. त्या क्षणी मी फक्त भ्यालो होतो, आणि मजूर निघून चालले होते, आणि कुणीतरी घाव घालायला हवा होता.

मी बाजूला झालो. तिला वाट दिली.

तिनं पहार उचलली, पायरीच्या सांध्यात घातली आणि उजवा पाय रोवून अंगाचा सगळा भार टाकला. दगड हलला नाही. तिनं पुन्हा भार टाकला. तिसऱ्या वेळी सांधा बोलला, आणि त्याच वेळी तिचं तोंड वेडंवाकडं झालं. घोट्याला बांधलेली काडी सुटून पायरीवर पडली.

"तुटला," ती म्हणाली. अगदी हळू, मला ऐकू येईल एवढंच. खाली वाकून तिनं पायाकडं बघितलंही नाही.

आणखी चार वेळा तिनं पहार मारली. पाचव्या वेळी तिच्या हातातून ती सटवाजीनं काढून घेतली.

"माय, सर आता," तो म्हणाला. "ह्यो दगड माझ्या बापानं वाहून आणलाय. मला काढू दे."

त्यानं तो उचकटला. कडेला ढकलला. मग मजूर उतरले.

आम्ही तिला त्याच दिवशी जीपमध्ये घालून तालुक्याला नेलं. पाय मांडीपर्यंत सुजला, काळानिळा पडला. डॉक्टरांनी चिरा दिल्या, इंजेक्शनं दिली. विष अंगभर भिनलं होतं. आठव्या दिवशी, शुद्धीत होती तेव्हा तिनं मला विचारलं, किती पायऱ्या निघाल्या. मी म्हणालो, अकरा निघाल्या, भिंत कमरेएवढी झाली. तिनं डोळे मिटले. नवव्या दिवशी पहाटे ती गेली.

घरटी मढं निघालं नाही. एकच निघालं, आणि लोकांना तेवढं पुरलं. आसरांनी पहिला घाव घालणाऱ्याला नेलं, असं आठवडी बाजारात बोललं जाऊ लागलं.

पुढचा उन्हाळा माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांब उन्हाळा. चैत्र लागला आणि फोड उठायला लागले. दहा, वीस, अठ्ठेचाळीस. गाव माझ्याकडं बघेनासं झालं. मी राहत होतो त्या खोलीच्या दाराला कुणीतरी शेंदूर फासून गेलं. एका दुपारी तीस-चाळीस माणसं पहारी घेऊन भिंत पाडायला निघाली. मी आडवा गेलो, तर एकानं मला ढकलून दिलं. भिंतीपाशी सटवाजी बसला होता, मांडीवर दहा महिन्यांची नात, सोजरची पोर. तो उठला नाही.

"एक साल थांबा," तो एवढंच म्हणाला. "म्हातारीनं सांगितलं होतं, एक साल. एवढं तिचं देणं लागतोच की आपण."

माणसं उभी राहिली. कुणीतरी आधी पहार खाली टेकवली, मग दुसऱ्यानं. भिंत राहिली.

त्याच्या पुढच्या साली, १९८६ च्या एप्रिलमध्ये, मी वही घेऊन घरोघर गेलो. पहिल्या दिवशी कुणी सापडलं नाही. मला वाटलं, लोक लपवतायत. दुसऱ्या दिवशी परत गेलो. प्रत्येक उंबऱ्यात वाकून पाय पाहिले, म्हाताऱ्यांचे, पोरांचे, नव्या सुनांचे. ओसऱ्या रिकाम्या होत्या. माणसं शेतात होती. शेवटच्या घरापर्यंत पोहोचलो, वही उघडली आणि त्या दिवसाच्या रकान्यात पूज्य मांडलं. मग मी बदलीचा अर्ज केला.

त्यानंतर मी एकदाच धामणखेडला गेलो, निवृत्त होऊन सात वर्षं झाल्यावर. गावात नळ आले होते. बारवेच्या कठड्यापाशी एक तरुण मुलगी मोजमाप घेत होती. इतिहासात एम.ए. करत होती, जुन्या बारवांच्या नोंदी गोळा करत होती. बोलण्यातून कळलं, सोजरच्या त्याच मुलीची मुलगी. पायांत पैंजण होते, पाय निकोप, देखणे.

"इतकी सुंदर वास्तू होती, काका," ती म्हणाली. "आणि कुणा अडाणी बाईनं पायऱ्या फोडून टाकल्या म्हणे. का फोडल्या ते गावात कुणालाच धड सांगता येत नाही. तुम्हाला काही माहीत आहे?"

"नारूमुळं," मी म्हणालो.

तिनं वही उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि माझ्याकडं बघितलं.

"नारू म्हणजे काय?"

त्या गावात हा प्रश्न विचारणारं माणूस मला पहिल्यांदाच भेटलं होतं.